बॅक्टेरियांना नैवेद्य

३ ऑगस्ट, रविवार

टाकी हॉलमध्ये बसली. चार फुटी. उचलायला चौघे, सूचना द्यायला माझा नवरा सुधीर. "जरा डावीकडे, अजून थोडं." टाकी आधीच जागेवर होती.

पुण्याहून मनूचा फोन. लेव्हल बघितलीस का? बघितली. लेकीला वाटतं आईला कशातलं काही कळत नाही. सातपूरच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटची लॅब निवृत्त होईपर्यंत सांभाळली, मी काय तिथे हळदीकुंकवाला जात होते?

पाहुणे सप्टेंबरअखेर. दोन मासे, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. जोडी आहे. सात वर्षं फ्लॅटमध्ये पोसलेत तिने. आता नोकरीसाठी जर्मनीला चालली आणि मासे नेता येत नाहीत. दुकानात देऊन टाक म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही. म्हणून समुद्र आमच्या इंदिरानगरात.

कायमची चाललीस का, हे विचारलेलं नाही. विचारणार नाही.

५ ऑगस्ट

आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवलं. खाली वाळू, वर खडक, मागच्या कप्प्यात बॅक्टेरियांना राहायला सिरॅमिकच्या कड्या. पाणी ताकासारखं. सु. म्हणतो बिघडलं. वाळूची धूळ खाली बसायला वेळ लागतो, एवढंही ज्याला सुचत नाही त्याला काय सांगायचं.

गंगापूर रोडवरच्या माशांच्या दुकानात गेले होते. तो म्हणतो, "मॅडम, ही बॅक्टेरियाची बाटली ओता, उद्या मासे सोडा." बाटली शोकेसमध्ये उन्हात तापत ठेवलेली. कोणते बॅक्टेरिया आहेत, विचारलं. म्हणाला, चांगले. आत जे काही होतं ते केव्हाच वारलं असणार. घेतली नाही. ह्या माणसाकडून लोक जिवंत प्राणी विकत घेतात.

६ ऑगस्ट

मनू म्हणते, तिच्या टाकीतला स्पंज आणि दोन दगड बसने पाठवते. त्यांच्यावर बॅक्टेरियांची वस्ती तयार आहे. "आई, विरजणाशिवाय दही लागतं का?"

मला शिकवते. अख्ख्या कारखान्याची घाण खाणारे बॅक्टेरिया मी सांभाळले, आणि ही मला दह्याची गोष्ट सांगणार. नको म्हटलं. उसनं काही नको.

७ ऑगस्ट

सु. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, फिल्टर खराब आहे म्हणून मासे आणले नाहीत. शेवटी समोर बसवून समजावलं. मासे घाण करतात, ती म्हणजे अमोनिया. तोच त्यांना मारतो. बॅक्टेरियांची फर्स्ट शिफ्ट अमोनिया खाते आणि नायट्राइट करते. सेकंड शिफ्ट नायट्राइट खाते आणि नायट्रेट करते. ते फारसं बाधत नाही, अधूनमधून पाणी बदललं की झालं. दोन्ही शिफ्ट आपोआप येतात, पण महिना-दीड महिना लागतो. आणि तोवर मासे नसताना आपणच त्यांना थोडा थोडा अमोनिया खायला घालायचा. उपाशी राहिले तर मरतात.

म्हणाला, "म्हणजे दिसणारे येईपर्यंत न दिसणारे पाळायचे." त्याच्या मानाने बरं वाक्य.

८ ऑगस्ट

अमोनिया घरातच सापडला. गेल्या वर्षी वॉर्डात विसर्जनाची पावडर वाटली होती, प्लास्टरची मूर्ती बादलीत विरघळावी म्हणून. आमची मूर्ती शाडूची. तरी सु. रांगेत उभा राहून पाकीट घेऊन आला, कारण फुकट. वर्षभर माळ्यावर पडलेलं. उघडलं तर नाक झिणझिणलं. अमोनियम बायकार्बोनेट, दुसरं काय! दुकानदार हेच बाटलीत भरून परदेशी नावाने विकतो.

अर्ध्या चमच्याहून कमी टाकलं. टेस्ट केली. अमोनिया नसेल तर पिवळी, असेल तर हिरवी. हिरवी आली. आता फक्त वाट बघायची. ह्या घरात ते मला एकटीलाच जमतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून सु.चे मित्र थेट आमच्याकडे. पोहे खाल्ले आणि टाकीपुढे उभे राहून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. मासे कुठेत? पाच जण, पाच वेळा. एकाने काचेवर टकटक केली. आत दगड आहेत, दगडांना जागं करत होता.

१९ ऑगस्ट

नायट्राइटची टेस्ट आज जांभळी झाली! म्हणजे फर्स्ट शिफ्ट कामावर हजर. कोणी बोलावलं नाही, उसनं आणलं नाही, आले. फार आनंद झाला. खरंच झाला. सांगायला कोणी नाही. सु.ला सांगितलं तर चष्मा लावून टाकीत बघत बसला. मग म्हणाला, दिसत तर काही नाही.

मनूला टेस्टचा फोटो पाठवला. उत्तर: अंगठा. नुसता अंगठा.

२७ ऑगस्ट, गणेशचतुर्थी

गणपती बसले. मखर टाकीशेजारीच, कारण दुसरीकडे प्लग नाही. लासलगावहून नलूताई आल्या, सु.ची मोठी बहीण. दहाही दिवस राहणार. येतायेताच कांद्याची गोणी आणि मत, दोन्ही घेऊन.

"मीना, एवढं पाणी हाय, मासा एक बी नाय?"

सांगितलं, सध्या बॅक्टेरिया आहेत.

"म्हंजे किडे पाळले व्हय तुम्ही?"

सु. हसला. तिच्या बाजूने हसला. मग मी जे एकदा त्याला समजावलं होतं ते तो तिला समजावत बसला. शिफ्ट, खुराक, उपाशी, सगळं. निम्मं चूक, पण अगदी तोंडभर. त्या म्हणाल्या, लय गुणाचे हाय मग ते. रात्रीपर्यंत आरतीला आलेल्या शेजारपाजारच्या सगळ्यांना बॅक्टेरियांची ओळख करून दिली भावाबहिणीने. मी मोदक वळत होते.

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. काल टाकलेला अमोनिया आज टेस्टमध्ये नाही. पिवळी, स्वच्छ पिवळी! एका दिवसात खाऊन संपवला. नायट्राइटही उतरतंय, म्हणजे सेकंड शिफ्टही येतेय. मनू यायला तीन आठवड्यांहून जास्त वेळ आहे. आता हीच भूक टिकवून ठेवायची, बस.

मनूला फोन करून सांगितलं. स्वर साधा ठेवला. ती म्हणाली, "मानलं, आई." हे इथे लिहून ठेवते, पुन्हा कधी म्हणेल माहीत नाही.

३ सप्टेंबर

देवळाली कॅम्पहून आक्काच्या शेजारणीचा फोन. आक्का न्हाणीत घसरली, मनगट मोडलं, प्लास्टर. तिला ह्या धाकट्या बहिणीशिवाय कोण आहे? निघाले. विसर्जनापर्यंत परत येईन.

सु.ला बजावलं. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर आहे ना एवढं बघ. बाकी टाकीला हात लावायचा नाही. काहीही करायचं नाही. काही न करणं त्याला जन्मजात येतं, त्यामुळे निश्चिंत.

५ सप्टेंबर, दे. कॅम्प

आक्काची वेणी घातली. लहानपणी ती माझी घालायची, केस ओढून. तोफांचा सराव चालू आहे, खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि आक्का प्रत्येक आवाजाला "हा आपलाच" म्हणते. दुसरा कोणाचा असणार?

सु.चा फोन. सगळं छान. टाकी छान. "काळजी करू नको, मी आहे." तेव्हाच काळजी करायला हवी होती.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दुपारी घरी आले. दारातच वास. धुपाचा नव्हे.

टेस्ट गर्द हिरवी. वाटलं टेस्टची बाटली खराब झाली. पुन्हा केली. तीच. पाणी पातळ करून केली, तरी हिरवीच. माळ्यावर गेले तर पावडरचं पाकीट जागेवर नाही. ते मखराच्या मागे, आरतीच्या ताटाशेजारी, अर्ध्याहून जास्त रिकामं. त्यात चमचा.

सु. शांतपणे म्हणाला, "आरती झाली की एकेक चमचा घालत होतो. सकाळ-संध्याकाळ. गणपतीत सगळे पोटभर खातात, आणि तू म्हणालीस ते उपाशी राहिले तर मरतात."

नलूताई मधे पडल्या. त्यांनीच सांगितलं होतं म्हणे, सणाचं घरातलं कोणी उपाशी ठेवू नये. आणि नुसतं घालत नव्हता. नैवेद्याला फिरवतात तसं चमच्याभोवती पाणी फिरवून घालत होता.

बॅक्टेरियांना नैवेद्य! अति अमोनिया झाला की ते खाणंच थांबवतात. तीन दिवसांत महिनाभराचं काम गेलं. मनू तीन आठवड्यांत येणार. टाकी तयार नसेल तर तिचे मासे आमच्या हातात मरणार. ती तिकडे पोचायच्या आत.

सु.ला म्हणाले, "तू काही करत नाहीस तेव्हाच तुझा उपयोग असतो." नलूताईंसमोर म्हणाले.

विसर्जन बादलीत केलं. मूर्तीवर शेवटचं पाणी त्यानेच घातलं. मग जेवला नाही. मी जेवले.

७ सप्टेंबर

नलूताई सकाळच्या बसने गेल्या. जाताना नुसतं "येते" म्हणाल्या, मत न देता. त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं.

पाणी उपसलं. जवळजवळ सगळं. मिठाची बादली खरडून नवं पाणी केलं. सु.ने सगळ्या बादल्या वाहिल्या. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं, मला ओरडता आलं असतं.

९ सप्टेंबर

शेवटी नाक मुठीत धरून मनूला फोन केला. तो स्पंज आणि दगड आहेत का? सहज विचारते, म्हटलं.

नाहीत. टाकी विकली, घेणाऱ्याने आतलं सगळं नेलं. मासे तात्पुरते एका टबात आहेत. रोज थोडं पाणी बदलते. "का गं, काही झालं का?"

नाही म्हटलं. विरजण नको म्हणणारी मीच. आणि आता खोटं बोलणारीही मीच. सु. समोरच्या खुर्चीत ऐकत होता. त्याचं नाव घेतलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

१३ सप्टेंबर

चिमूटभर अमोनिया टाकून बघितला. दुसऱ्या दिवशीही तसाच हिरवा. ढिम्म.

गं. रोडच्या दुकानात जाऊन ती बाटली आणली. हो, तीच. शोकेसमधली. दुकानदाराने पिशवीत घालताना विचारलं, मासे किती मेले मॅडम? एकही नाही, म्हटलं. त्याने असं बघितलं, जणू सगळी गिऱ्हाइकं पहिल्यांदा हेच सांगतात. बाटलीची मुदत संपलेली. तरी ओतली. लॅबमधल्या माझ्या हाताखालच्या पोरींनी बघितलं असतं तर?

१७ सप्टेंबर

बाटलीने काही झालं नाही. होणारच नव्हतं. माझी अक्कल कुठे गेली होती?

१८ सप्टेंबर

संध्याकाळी सु. टाकीपुढे स्टूल टाकून बसला होता. दिवा लावलेला, आत दगड आणि पाणी. काय बघतोस, विचारलं. बारा दिवसांत नीट विचारलेलं हे पहिलंच.

म्हणाला, "तू आक्काकडे गेलीस तेव्हा घर फार रिकामं होतं. मनू गेली की असंच असणार. यात एवढे जीव आहेत म्हणालीस, तर मला बरं वाटलं. काहीतरी करावंसं वाटलं त्यांच्यासाठी."

जोडीदार म्हणून इतकी वर्षं मी ह्या माणसाची मापं काढली. घर रिकामं होणार म्हणून मीही घाबरलेय, हे त्याला कधी बोलले नाही. त्याने मात्र सरळ बोलून टाकलं. राग आला. पावडरचा नव्हे. मग चहा केला, दोन कप.

२२ सप्टेंबर

फिकट झाली. हिरवी आहेच, पण फिकट. फर्स्ट शिफ्टमधले थोडे परतलेत. सु.ला हाक मारून दाखवलं. त्याने टेस्टच्या दोन्ही बाटल्या, कालची आणि आजची, उजेडात धरल्या आणि म्हणाला, हिच्यात पिवळं जास्त आहे. बरोबर सांगितलं. शिकला एवढं!

वेळ पुरणार नाही. हे दोघांनाही माहीत आहे.

२६ सप्टेंबर

मनू आली. टॅक्सीने, पायाशी झाकणाची बादली. पुण्याहून इथपर्यंत बादली दोन्ही पायांत धरून बसली होती, गुडघे आखडलेत. केस कापलेत. वाळलीय. मला वाटलं आधी मला मिठी मारेल. आधी तिने बादलीचं झाकण उघडलं.

मासे आहेत. मोठी मादी, तिच्या मागे मागे नर. एवढासा जीव आणि एवढा रुबाब.

रात्री टेस्ट केली. कालचा चिमूटभर अमोनिया अजून पूर्ण गेलेला नाही. फिकट हिरवी. मनूने बघितली. मग मी सगळं सांगितलं. गणपती, पावडर, नैवेद्य, माझं आक्काकडे जाणं, माझं फोनवरचं खोटं.

ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाबा, खरंच पाणी फिरवलं तुम्ही?" सु.ने मान हलवली आणि तोही हसला. मी हसले नाही. मला माहीत होतं पुढे काय येणार.

२७ सप्टेंबर

तेच आलं. मनू म्हणते, सोडूया. दोनच मासे आहेत, घाण थोडी होणार, एवढे बॅक्टेरिया पुरतील. उद्या मुंबईहून विमान आहे. तिला ते टाकीत पोहताना बघून जायचंय.

नाही म्हटलं. कदाचित पुरतील. कदाचित नाही. दोन चार दिवसांत अमोनिया चढला, तर ती तिकडे आणि मी इथे मेलेला मासा जाळीत धरून. टेस्टच्या रंगाला मी विनवणी करू शकत नाही.

"सात वर्षं मी सांभाळले आई. मला त्यांना घरी सोडून जायचंय. टबात नाही."

टबात जिवंत राहतील, त्याचं पाणी रोज बदलता येतं, एवढ्या टाकीचं नाही, म्हटलं.

"तुला फक्त बरोबर असायचं असतं."

सु. दोघींच्या मधे उभा. यावेळी त्याने काहीही केलं नाही आणि मला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी कर रे.

मोठा टब हॉलमध्ये ठेवला. हीटर, हवेचा पंप. मासे त्यात. मनूने जेवताना एकदाही वर बघितलं नाही. आमटी आवडीची केली होती.

२८ सप्टेंबर

गेली. सु. मुंबईपर्यंत सोडायला गेला. मी गेले नाही, टबाचं पाणी बदलायचं होतं. हे कारण खरं आहे. तिला ते खरं वाटलं नसणार.

निघताना पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायचं होतं. "स्वेटर वर ठेवलास का" एवढंच निघालं.

३० सप्टेंबर

टबात बॅक्टेरिया नाहीत. असले तरी मूठभर. म्हणून सकाळी निम्मं पाणी, संध्याकाळी निम्मं पाणी. खारं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवायचं, तापमान जुळवायचं, नळीने तळाची घाण ओढायची. अख्ख्या वस्तीचं काम मी हाताने करतेय. सु. मीठ मोजतो. चुकवत नाही.

टबाची टेस्ट पिवळी. टाकीची अजून तशीच, फिकट हिरवी.

२ ऑक्टोबर, दसरा

सु.ने टाकीच्या काचेला आणि टबाला, दोन्हीला हार घातला. पावडर लपवून ठेवलीय, तरी एकदा जागेवर जाऊन बघितलं. आहे. शेजाऱ्यांनी सोनं दिलं आणि विचारलं, मासे टाकी सोडून टबात का? सु. म्हणाला, "टाकी अजून शिजायचीय." आता अमोनियाला उकळी आणणार हा माणूस.

मनूचा मेसेज नाही. पोचल्याचा आला होता, दोन शब्द.

४ ऑक्टोबर

संध्याकाळी मनूचा व्हिडिओ कॉल. मी टबापाशीच होते, नळी हातात, बाह्या भिजलेल्या. फोन लगेच टबावर धरला. मासे बघ. खातायत. मादीने मघाशी माझ्या बोटाला तोंड लावलं. टाकीत काल पुन्हा चिमूट टाकली, उद्या टेस्ट. तू काळजी करू नकोस. बोलतच राहिले. गप्प बसले असते तर ती काहीतरी बोलली असती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

तिने चेहरा पडद्याजवळ आणला. वाटलं मासे नीट दिसत नाहीत.

मग म्हणाली, "आई, मासे पुरे. फोन जरा वर धर, तू दिसत नाहीयेस."

वर धरला. तिकडे खिडकीत अजून उजेड होता. तिने तेच पाहिलं जे होतं, पांढरे झालेले केस, ओले हात, आणि मागे बावळटासारखा हात हलवणारा तिचा बाप. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, हातात नळी होती.

टबाचं निम्मं पाणी तेवढ्यात त्या नळीतून जमिनीवर गेलं होतं. सु. फडकं आणायला धावला.